माहेरचं तेल

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी बावीस वर्षं पोरापोरींना तेल तपासायला शिकवते आणि माझ्या स्वयंपाकघरातलं तेल मी एकदाही तपासलं न्हाई. हसा खुशाल. मला अजून हसू येत न्हाई.

तेल माझ्या पाठच्या भावाच्या, अंगदच्या घाण्याचं. धारूरला आमचं करडईचं रान हाय आणि रस्त्याकडंला लाकडी घाणा. दरसाल पाडव्याच्या आत लेकीच्या घरी दोन डबे पोचले पाहिजेत, हा आमच्या वडलांचा, दादांचा शिरस्ता. दादा गेल्यावर अंगदनं तो मोडला न्हाई, म्हणून मी गावभर त्याचं कौतुक सांगत फिरायची. यंदा तो म्हणाला, अक्का, रानाच्या सातबाऱ्यावर दादांच्या जागी तुझंही नाव लागलंय, हक्कसोड करून दे, म्हणजे माझी कामं अडायची न्हाईत. मी लगेच हो म्हणाले. नवऱ्यानं नुसतं विचार कर म्हणल्यावर त्याच्यावरच उखडले. रान मला कशाला पाहिजे, डबे येतात तवर माझं माहेर हाय, असं त्याला ठणकावून सांगितलं. सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात सही करायची ठरली.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी प्रॅक्टिकल होतं. शुद्ध करडईचं तेल म्हणून मी तोऱ्यात घरचीच बाटली नेली. तेलावर प्रक्रिया करून वरचा थर सुईत घ्यायचा आणि यंत्रात सोडायचा. मग त्यातली स्निग्धाम्लं एकेक करून बाहेर पडतात आणि कागदावर प्रत्येकाचा उंचवटा उमटतो. करडईचा शेवटचा उंचवटा सगळ्यात मोठा, लिनोलेइकचा. त्याच्या पुढं रेघ सपाट जायला पाहिजे.

सपाट गेली न्हाई. पुढं अजून एक उंचवटा आला.

मनिषा नावाची माझी विद्यार्थिनी म्हणाली, मॅडम, हे तर दुसरंच आम्ल, लिनोलेनिक, सोयाबीनमधलं. मी तिलाच झापलं. सुई नीट धुतली न्हाईस, म्हणलं. सुई मी स्वतः धुतली, तेलाशिवाय नुसतं द्रावक, हेक्झेन, सोडून पाहिलं, रेघ कोरी. परत तेल सोडलं तर उंचवटा परत हजर. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मला त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटली.

तरी मी अंगदचीच बाजू घेतली. मनात म्हणलं, बिचाऱ्याला कुणीतरी भेसळीचा माल दिला असंल. आमचे धर्मराज सर त्याच घाण्यावरून तेल आणतात, महिन्यापूर्वीच डबा आणला होता. शनिवारी त्यांच्याकडून वाटीभर मागून आणलं आणि यंत्रात सोडलं.

रेघ सपाट. निव्वळ करडई.

म्हणजे घाणा चोख होता. गिऱ्हाइकाला चोख आणि बहिणीला, उंचवट्याच्या मापानं, निम्मं सोयाबीन. त्यानं सगळ्या जगाला फसवलं असतं तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण फसवलं एकटीला, मला. प्रयोगशाळेचं दार लावून मी धाय मोकलून रडले.

सोमवारी धारूरला गेले. रजिस्ट्री ऑफिसाबाहेर लिंबाखाली अंगद कागद घेऊन उभाच होता. मी दोन्ही आलेख त्याच्या हातात दिले, हे धर्मराज सरांचं तेल आणि हे माझं, असं सांगितलं. आधी त्यानं यंत्राला नावं ठेवली. मग मजुरावर ढकललं. मी त्या जादा उंचवट्यावर बोट ठेवलं, तसा त्याचाच आवाज चढला.

"गिऱ्हाईक घाण्यापशी उभं राहून तेल काढून नेतं, अक्का. तू कुठं उभी असतीस? आन् तू घरातली, तू कशाला तपासशील?"

"कधीपासून चाललंय हे?"

तो बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला. "दादा आजारी पडले तवापासून."

सहा वर्षं. सहा वर्षं मी शेजारणींना वाटी वाटी तेल दिलं, वास घ्या म्हणलं, माझ्या भावाच्या हातचं हाय म्हणलं.

आतून आमचा पुकारा झाला. अंगदनं पेन पुढं केलं. वरून म्हणाला, पुढल्या साली चार डबे चोख देतो. ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पेन ठेव खिशात," मी म्हणाले. "माझा हिस्सा मी सोडत न्हाई. आता मीबी समोर उभी राहणार."

"तेलावरून, अक्का?"

"हो. तेलावरूनच."

घरी यायला दिवे लागले. नवऱ्यानं सही झाली का विचारलं. न्हाई म्हणून मी स्वयंपाकाला लागले. भाजी चिरली, कढई तापत ठेवली आणि अंगदच्या डब्यातलंच तेल ओतलं. घरात दुसरं नव्हतं.