लिनचे अकरा टेक

दहा वाजता लिनची इंग्रजी सूचनांची परीक्षा होती. नापास झाला तर गेटपास रद्द आणि गुरुवारच्या विमानाने परत चीन. नऊ वाजल्यापासून आखातातल्या अस्कर गावच्या यार्डात येरझाऱ्या मात्र रावजी फोरमन घालत होते.

चूक त्यांचीच होती. नव्या चिनी क्रेनबरोबर आलेला लिन माल बांधून क्रेनला इशारे देण्याच्या कामात वाघ. त्याला इंग्रजी शिकवायचं रावजींनी अंगावर घेतलं. स्वतः चाळिशी उलटल्यावर अक्षरं गिरवलेली, त्यामुळे हुरूप दांडगा. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “टेक म्हणजे घे. खलास!”

मराठीत माप घेतात, श्वास घेतात, काळजी घेतात; एका ‘घे’वर भागतं. लिनच्या भाषेत प्रत्येकाला वेगळा शब्द. त्याने वहीत एका टेकपुढे अकरा चिनी शब्द लिहिले आणि जेवताना, बसमध्ये घोकले. आता कुणी टेक म्हटलं की तो अकरांतला एक शोधत खांबासारखा उभा!

“रावजीभाई, विच वन?” लिन रडकुंडीला आला.

“वही ठेव. यल्ला, चल!”

रावजींनी त्याला क्रेनखाली नेलं. “टेक द रोप!” लिनने दोर उचलला. “टेक मेजरमेंट!” फीत ताणली. “टेक रेस्ट!” लिनने तिथेच फतकल मारली. रावजींना हसू आवरेना. अरे, याच्या हातांना सगळं येतंय!

दहाला तपासनीस महमूद आले आणि ऑफिसकडे वळले. रावजी वाटेत आडवे आले.

“साहेब, खुर्चीत बसवून नको. इथेच काम सांगून बघा.”

“फेल झाला तर तुमचं नाव लिहीन हां, रावजी.”

“मोठ्या अक्षरांत लिहा!”

महमूद सूचना देत गेले, लिन धावत सुटला. एकही चुकली नाही. क्रेनच्या केबिनमधल्या चालक तौकीरने पाइपांची मोळी वर उचलली, तेवढ्यात महमूद म्हणाले, “टेक इट डाउन.”

 हा टेक रावजींनी शिकवलाच नव्हता! अकरांतही नव्हता.

लिनने महमूदकडे पाहिलं, मग डोक्यावर लटकणाऱ्या मोळीकडे. चार माणसं लांब केली, तौकीरला दिसेल असा हात पुढे केला आणि बोट खाली करून गोल फिरवलं. मोळी सावकाश, न झुलता जमिनीला टेकली.

“पास,” महमूद म्हणाले आणि सही केली.

रावजींनी अशी आरोळी ठोकली की तौकीर घाबरून केबिनमधून ओणवा झाला.

“क्या हुआ चाचा? कुछ गिरा क्या?”