सगुणाबाईची डबी

बदलापूर गावात सगुणाबाईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला तोड नव्हती, आणि हे सगळ्यांत जास्त सगुणाबाईलाच ठाऊक होतं. सून घरात आली, तिची पोरगी बालवाडीत जायला लागली, तरी परातीला हात लावायची सुनेला मुभा नव्हती. हर्षला अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला जायची आणि घरी आल्यावर कांदा चिरण्यापुरती स्वयंपाकघरात शिरायची. गल्लीत कुणाची हळद असली तरी वडे तळायचं बोलावणं सासूलाच. नात तेजस्वी तर आजीच्या पदरालाच बांधलेली. तिला भरवायची आजी, धुवायची आजी, निजवायचीही आजीच. म्हातारी अगदी तोऱ्यात होती.

त्या वर्षी तेजूला तापानं धरलं. गावातल्या डॉक्टरनं विडाल टेस्ट केली, टायफॉइड म्हणाला, औषध दिलं. ताप गेला आणि महिनाभरानं परत आला. मग सगुणाबाईच्या मुलानं, कमलेशनं, पोरीला उल्हासनगरला डॉक्टर वाधवानींकडे नेलं. हा माणूस नव्या विद्येचा.

"विडाल छोडो," वाधवानी म्हणाले. "ती आपल्या भागात कुणाचीही पॉझिटिव्ह येते, माझीपण येईल. आता मुंबईच्या लॅबमध्ये पीसीआर करतात. जंतूच्या जीनचा एक तुकडा पकडायचा आणि मशीनमध्ये त्याच्या लाखो कॉपी काढायच्या. थोडेसे जंतू असले तरी लपत नाहीत."

तेजूच्या रक्तात जंतू सापडला. नवं औषध झालं आणि पोरगी पुन्हा अंगणात धावायला लागली. पण वाधवानींचं समाधान होईना. दोनदा ताप आला म्हणजे घरातलंच कुणीतरी जंतू पोटात घेऊन हिंडतंय, त्याला स्वतःला काही होत नाही आणि त्याच्या हातातून जंतू दुसऱ्याच्या ताटात उतरतोय, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या माणसांनी शौचाचा नमुना द्यायचा, त्याचीही तीच टेस्ट करायची. पोरीचा कोर्स आत्ताच संपलाय, तिचं नंतर बघू, असं त्यांनी ठरवलं.

"घरात स्वयंपाक कोण करतं?" त्यांनी विचारलं. हर्षलानं सासूकडे बघितलं.

लहानपणी सगुणाबाईला मुदतीचा ताप, म्हणजे हाच टायफॉइड, आला होता, डोक्यावरचे केस गेले होते, आईनं आशा सोडली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता तर मुळीच सांगणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झाकणाची डबी आली. वर चिकटवलेलं नाव, सगुणाबाई हरिचंद्र. आता बघा, जी बाई सुनेसमोर "परसाकडे जाते" एवढंही कधी बोलली नाही, तिनं ही डबी भरून त्याच सुनेच्या हातात द्यायची होती. सुनेनं ती पिशवीतून न्यायची आणि लॅबमधल्या कुणा पोरानं नाव वाचून उघडायची. नवऱ्याचं नाव असल्या वस्तूवर. म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात चूल हातची जाईल ही धास्ती होतीच.

सकाळी तिनं तेजूला परसात बसवलं आणि तिथंच तिला युक्ती सुचली. लेकराचं ते, त्यात लाज कसली. शिवाय पोरीचा कोर्स संपला असं डॉक्टर स्वतःच बोलला होता, म्हणजे पोरगी बरी, डबी स्वच्छ निघणार. सगुणाबाईनं डबी भरली, झाकण घट्ट लावलं आणि मान वर करून सुनेला दिली. एवढी हुशारी तिनं आयुष्यात कधी केली नव्हती.

आठवड्यानं वाधवानींचा कमलेशला फोन आला. त्याची आणि हर्षलाची डबी साफ होती. आईच्या डबीत टायफॉइड निघाला.

सगुणाबाईनं ते ऐकलं आणि ती परातीतलं पीठ तसंच टाकून उठली. घरच्यांना वाटलं, स्वतःच्या रोगाचा धसका घेतला. तिला खरं तर तेजू दिसत होती. रोग अजून पोरीच्या पोटातच होता, आणि तो तिथं आहे हे जगात फक्त आजीला ठाऊक होतं. त्याच घटकेला तोंड उघडायला हवं होतं. पण मग डबीची लबाडीही सांगावी लागली असती. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं.

उद्या उजाडला तेव्हा परात हर्षलाच्या हातात होती. सासूचं ताट, तांब्या, वाटी वेगळी निघाली. अंथरूण मागच्या पडवीत गेलं. हर्षला तोंडानं वाईट बोलली नाही, त्याची तिला गरजच नव्हती. डेटॉलचं पाणी करून ती सासूनं टेकलेली भिंतसुद्धा पुसायची. गल्लीत बातमी पसरली आणि पुढच्या हळदीला वडे तळायला दुसरीच बाई गेली. तेजूला शेजारच्या भिमाबाईकडे ठेवायला लागले. आजीच्या पोटात किडे आहेत, तिच्याकडचं काही खायचं नाही, असं तिच्याकडून घोकून घेतलं. पोरगी पडवीच्या दारात उभी राहून विचारायची, "आजी, किडे कधी मरतील गं?"

हे सगळं बघून सगुणाबाईची जीभ आणखीच जड झाली. खरं सांगितलं तर हे वेगळं ताट पोरीपुढे येईल, पोरांमध्ये कुणी तिला घेणार नाही, असं तिला वाटे. ते खरंही होतं. पण अर्धं खरं होतं. उरलेली अर्धी तिची स्वतःची लाज होती, आणि ती पोरीच्या नावानं झाकणं सोपं होतं.

तिच्यासाठी वाधवानींनी लांबलचक कोर्स दिला होता. या गोळ्या खरं तर तेजूच्या पोटात जायला हव्यात, हे तिच्या मनातून जाईना. मग म्हातारीनं दुसरी हुशारी केली. दुपारी भिमाबाईच्या कुंपणाशी जाऊन ती तेजूला हळूच हाक मारी, अर्धी गोळी कुटून गुळात कालवी आणि तिला चाटवी. पोरगी रोज तावडीत सापडत नसे. सापडली की आजी तिला छातीशी धरून मनात देवाचं नाव घेई.

एके दिवशी हर्षला कंपनीतून लवकर आली. सासूचं बोट आपल्या पोरीच्या तोंडात, एवढंच तिनं पाहिलं. तिनं तेजूला खेचून नेलं आणि तोंडात बोटं घालून तिला ओकायला लावलं. संध्याकाळी कमलेशनं आईचं गाठोडं उचललं आणि तिला शिरगावला, तिच्या बहिणीकडे, मोतीबाईकडे नेऊन सोडलं.

"आये, पोरीपासून लांब राहायचं, तुला एवढंपण जमलं नाय," वाटेत तो एवढंच बोलला.

पंधरवडा गेला आणि तेजूचं पोट दगडासारखं झालं. उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं तर टायफॉइडनं आतडं फाटलेलं. भिमाबाईनं निरोप धाडला आणि सगुणाबाई धावत गेली. ऑपरेशन झालं होतं, पोरगी वाचली होती. वाधवानी व्हरांड्यात कमलेश आणि हर्षलाशी बोलत होते.

"जोराचा ताप आला नाही, आणि एकदम हे. समजत नाही," ते म्हणाले. मग सगुणाबाईकडे वळून बोलले, "आजी, घाबरायचं नाही, पण तुमची पित्ताची पिशवी काढावी लागेल. जंतू तिथं घर करून बसतो."

म्हातारी त्यालाही तयार झाली असती. पोट फाडून घेणं तिला सोपं होतं. पण मग पोरीला पुन्हा तेवढंच औषध मिळणार आणि ती तोच रोग घेऊन घरी जाणार, हे तिला कळत होतं.

"माझ्यात नाय ते," ती म्हणाली. "ती डबी तेजूची होती. मना लाज वाटली."

मग तिनं गुळाचंही सांगितलं.

"टेस्टनं जंतू बरोबर पकडला होता," वाधवानी म्हणाले. "तो कुणाचा, ते डबीवरच्या नावावरूनच कळतं आम्हाला. तेव्हाच सांगितलं असतंत तर मी पोरीचाच कोर्स वाढवला असता. आणि अधूनमधून दिलेल्या त्या अर्ध्या गोळ्यांनी रोग गेला नाही, ताप तेवढा दबला. म्हणून उशिरा कळलं."

हर्षला रडली नाही. "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, आई," ती म्हणाली.

"एकदा पोरीला बघू दे मना."

कमलेशनं आईचा दंड धरला आणि तिला जिन्यानं खाली आणलं. "आये, तुझ्या पोटात रोग असता तर तुला जन्मभर सांभाळली असती," तो म्हणाला. "वेगळं ताट, पण घरातच होतीस ना." त्यानं रिक्षावाल्याला मोतीबाईचा पत्ता सांगितला आणि रिक्षा वळायच्या आत तो वर गेला.

तेजूला घरी आणल्यावर काही दिवसांनी भिमाबाई खबर घेऊन शिरगावला आली. पोरगी सारखी आजी मागत होती, म्हणून हर्षलानं तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, आजी मेली. कमलेश तिथंच बसला होता आणि त्यानं खाली मान घातली होती.

"पोर रडली का गं?" सगुणाबाईनं विचारलं.

"रडली थोडी," भिमाबाई म्हणाली. "मग जेवली."