ऐकून घेणारा साहेब

डब्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. यंत्रांच्या धडधडाटावर आवाज चढवता चढवता त्याचा गळाच तसा झाला होता. सुपरवायझरचा मॅनेजर झाल्यावर कंपनीने त्याला मॅनेजरांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मधे न बोलता ऐका. मग समोरच्याचंच म्हणणं त्याला परत सांगा."

हे तर आपल्या हातचा मळ, असं भोंग्याला वाटलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "नळ गळतोय."

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. हळुवार आवाजात म्हणाला, "म्हणजे तुला असं वाटतंय, की नळ गळतोय."

"वाटत नाही हो, गळतोय! पाना घ्या नि उठा."

बायकोचं प्रशिक्षण झालेलं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

कामावर परतला त्याच दिवशी फिटर रजा मागायला आला. बहिणीचं घर हलवायचं होतं. भोंगा त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ऐकत राहिला. फिटरचं सांगून संपलं, तरी ऐकतच राहिला. फिटरला दरदरून घाम फुटला.

"साहेब, कामावरून काढताय का मला?"

"अरे, जा की बाबा! घे रजा!"

जुना आवाज उसळून आला आणि अख्ख्या शॉपने ऐकला. साहेब रजा वाटतोय म्हटल्यावर आणखी तिघं येऊन उभे राहिले. त्यांना नाही म्हणायला भोंग्याला तोंड उरलं नव्हतं.

एका प्रेसवर माणूसच उरला नाही. भोंग्याने बाह्या सरसावल्या. उभी हयात यात गेली, त्यात काय! पण प्रेस नवा होता, सगळा कारभार बटणांचा. तपासनिसाने त्याने काढलेला एक नग उचलून निरखला.

"साहेब, हे झाकण आहे की होडी?"

सगळे हसले. आधी भोंगा ओशाळला, मग त्यालाही हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात वरच्या साहेबांनी विचारलं, "आता कुठला कोर्स करणार?"

"तळमजल्यावरचा," तो म्हणाला. तिथे नवी पोरं प्रेस चालवायला शिकत.

एप्रनच्या नाड्या त्याच्या पोटावर पुरेनात. शिकवणारी पोरगी त्याच्या मुलीच्या वयाची होती.

"काका, हात मागे! आधी बघा," ती खेकसली. त्याने निमूट हात मागे घेतले.

तिथलं त्याचं पहिलं झाकण जरासंच वाकडं निघालं. ते त्याने मोठ्या कौतुकाने घरी नेलं. बायकोने उलटसुलट करून पाहिलं आणि कुंडीखाली ठेवून दिलं.