एकाच वेलाचं बी

बियाण्याच्या बागेत मावशींचं काम एकच: भोपळ्याची उमलू घातलेली फुलं संध्याकाळी दोऱ्यानं बांधायची, म्हणजे मधमाशी शिरत नाही. सकाळी सोडायची आणि नरफुलाचा पराग मादीफुलाला लावायचा. एकोणीस वर्षं त्यांचा एकच नेम, नरफूल त्याच वेलाचं घ्यायचं नाही, लांबच्या वेलाचं आणायचं. घरातल्या घरात सोयरीक करतं का कुणी?

नवे साहेब आले आणि त्यांना एक गोल गरगरीत भोपळा आवडला. झालं! "ह्याच वेलाचा पराग ह्यालाच लावा. सगळं पीक एकसारखं हवं."

"साहेब, सगळे सारखे झाले तर एक पडला की सगळे पडतील."

"मावशी, तुम्ही फक्त बांधा. विचार करायला आम्ही आहोत."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचार करायला म्हणे! ज्याला नरफूल आणि मादीफूल ओळखायला आठवडा लागला, तो!

तिसऱ्या वर्षी चारशे वेल, सगळे एका साच्यातले. कुंपणाजवळचे मावशींचे आठ वेडेवाकडे वेल तेवढे मधमाश्यांच्या भरवशावर होते, कुणाची फळं लांबट, कुणाची खरबरीत. "हा कचरा काढा," साहेब म्हणाले. मावशी हातापाया पडल्या, भांडल्या, काही उपयोग झाला नाही. वेल मुळासकट उकिरड्यावर गेले.

महिन्याभरात भुरी आली. पानावर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग. आठ दिवसांत चारशेच्या चारशे वेल वाळले, एकानंसुद्धा टक्कर दिली नाही. देणार कसे? सगळ्यांचं दुखणं एकच.

उकिरड्यावर मात्र तीन वेल गाठीगाठीला मुळं धरून हिरवेगार पसरले होते. फुलांत मधमाश्या गुणगुणत होत्या. मावशींना रडूच आलं.

साहेब धावत आले. "वा, मावशी! वाचलो! आता ह्यातला सगळ्यात चांगला एक निवडा, बाकीचे काढा, आणि त्याचा पराग त्यालाच..."

"अहो, लाज कशी वाटत नाही?" मावशी ओरडल्या. सगळी बाग थबकली. त्यांनी कमरेचं दोऱ्याचं रीळ काढलं आणि साहेबांच्या हातात कोंबलं. "ह्या फुलांना दोरा लावायचा असेल ना, तर आधी माझे हात बांधा!"

दोन्ही मनगटं पुढे करून त्या तिथेच उभ्या राहिल्या. साहेबांना रिळाचं टोक काही सापडेना.