पाना फिरायला जागा

"बाबा... म्हणजे सर, तुम्ही स्वतःच्या हातांनी शेवटची वस्तू कधी बनवली?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज मागच्या बाकावरच्या तिघींनी तिच्याशी लावली होती. ती मात्र उठली अशा थाटात, जणू बक्षीसच घ्यायला निघाली आहे.

स्टेजवरचे पाहुणे तिचे सख्खे बाबा होते. फर्निचरच्या कंपनीत डिझाइनचे साहेब. पोरांनी पुढे काय व्हायचं ते सांगायला शाळेने त्यांना बोलावलं होतं. तिने काय व्हायचं, ते तर आदल्या दिवशीच ठरलं होतं. विषयांच्या फॉर्मवर 'कॉम्प्युटर डिझाइन'पुढे बाबांनी आपल्याच पेनाने खूण केली होती. 'कार्यशाळा' हा विषय म्हणे ज्यांना काहीच जमत नाही त्यांच्यासाठी. तिची फक्त सही बाकी होती.

बाबा हसले. "आता हात लावावाच लागत नाही, बेटा. स्क्रीनवर जुळलं की प्रत्यक्षात जुळलंच म्हणून समज."

त्यांच्यामागे स्क्रीनवर पुस्तकांचं कपाट नवरीसारखं गोल गोल मिरवत होतं. खरं कपाट, म्हणजे कंपनीची भेट, स्टेजवरच खोक्यात सुटं पडलं होतं.

"मग जोडूनच दाखवा ना, सर!"

हे काही पैजेत नव्हतं. मागच्या तिघींनी तोंडावर हात घेतले.

बाबांनी बाह्या सरसावल्या. तीन कोपरे झोकात जुळले. चौथ्या कोपऱ्यात नट बसला, नटावर पाना बसला आणि तिथेच घोडं अडलं. पाना फिरेना! शेजारची फळी इतकी चिकटून, की त्याला इकडचा तिकडे व्हायला जागाच नव्हती. स्क्रीनवर पाना नव्हता ना. हात तर त्याहून नव्हता.

"हा पाना चुकीचा आहे," बाबा म्हणाले.

दुसरा आणला. मग नट चुकीचा निघाला. शेवटी स्टेजच वाकडं निघालं.

"साहेब, आत बोट घालून बघितलंत का?" कार्यशाळेच्या बाईंनी जागेवरूनच विचारलं.

बाबांनी नाही बघितलं. तिने स्टेजवर जाऊन बघितलं. बोटाचं सालटं निघालं, पण अडचण कळली. "बाई, भोक दोन बोटं अलीकडे हवं होतं."

"मग पाड की!" बाईंनी कार्यशाळेतून ड्रिल आणवून तिच्या हातात दिलं.

पहिलं भोक तिरकं जाऊन फळीच्या बाहेर निघालं. सगळा हॉल हसला, बाबा सर्वांत मोठ्याने. दुसरं सरळ पडलं. पाना फिरला, नट आवळत गेला, आणि आता पुरे हे तिच्या मनगटालाच आधी कळलं.

संध्याकाळी बाबा घरी ऐटीत म्हणाले, "केली फाइलमध्ये दुरुस्ती. दोन क्लिकचं काम!"

"हो ना," आई म्हणाली, "मग तासभर कॉम्प्युटरपुढे घाम कसला पुसत होतात?"

तिने दप्तरातून फॉर्म काढला. बाबांच्या खुणेवर काट होती, खाली तिची सही.

"मी कार्यशाळा घेतेय. कॉम्प्युटर मला तुम्ही घरीच शिकवा, बाबा. आणि पाना कसा फिरवायचा ते तुम्हाला मी शिकवीन."