चौसष्टावा भाग

सखूबाईनं आठ महिन्यांत लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. पण तो मोबाईलवर काय पाहतो, ते मात्र तिला रोज कळायचं.

गोरक्षनाथानं घरात न विचारता एमआयडीसीतली नोकरी सोडली. बापानं, धुळाजीनं, राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत चारचौघांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगा देवळाबाहेर चपला टाकून गेला तो गेलाच. नंबर बंद. मित्रांकडं नाही, मावशीकडं नाही. मागं राहिलं ते सखूबाईच्या मोबाईलमधलं टीव्हीचं ॲप. त्यानंच टाकून दिलेलं. खातं एकच, पण घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि चित्र वेगळं. तिचं पोपटाचं, धुळाजीचं मेंढ्याचं, आणि वाघाच्या चित्राखाली ‘गोरख शेठ’. त्याच्या मोबाईलवरही हेच खातं होतं.

महिन्याभरानं तिनं सहज वाघावर बोट ठेवलं. ‘अर्धवट राहिलेलं’ या ओळीतली पोलिसांची मालिका तो गेला तेव्हा बाराव्या भागावर अडकलेली तिनं पाहिली होती. आता ती पंधराव्यावर होती. पोरगं जिवंत होतं!

तिथून पुढं तिनं लेकाचा सगळा संसार त्या आकड्यांवर उभा केला. रविवारी तीन-तीन भाग व्हायचे, म्हणजे कामाला लागलाय, सुट्टी मिळते. एकदा आठवडाभर काहीच हललं नाही, तेव्हा त्याला ताप आला असणार म्हणून हिनं दोन दिवस अन्न सोडलं. धुळाजी पोराचं नाव घ्यायचा नाही. ताठा कुठं सुटतो माणसाचा! मेंढरं कोंडून आला की नुसतं विचारायचा, “आज कितवा?”

“चाळीस.”

“मंग बरंय. खाऊन-पिऊन राह्यला म्हणायचं.”

एकदा त्या ओळीत लहान मुलांचं कार्टून आलं. “लगीन-बिगीन करून बसला का काय!” म्हणत धुळाजी चक्क हसला. “त्याला आवडतेतच कार्टून,” सखूबाई म्हणाली, आणि तिला ते खरंही वाटलं. वेड्या आशेला काय, काहीही चालतं.

लेक छकुली भोकरदनहून माहेरी आली, तेव्हा तिनं दाखवलं, “आई, हितं नाव बदललं की त्याच्या मोबाईलमंदीबी बदलतं. अन् खात्याला किती मोबाईल जोडलेत, ते हितं दिसतंय. बघ, दोन हायेत. एक तुझा.”

छकुली गेल्यावर सखूबाई दोन दिवस नुसती घाबरून होती. पोरगं बिचकलं तर? तिसऱ्या दिवशी सातवीपर्यंतच्या शाळेला स्मरून तिनं एकेक अक्षर शोधलं, ‘गोरख शेठ’ पुसून लिहिलं: ‘गोरख, आई वाट बघते’.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाघाखाली होतं: ‘मी गोरख नाही’.

रागावलाय, तिला वाटलं. रागावू दे, बोलला तर खरं! तिनं लिहिलं, ‘राग सोड बाळा’. सकाळी उत्तर आलं: ‘सुरतला जुना फोन घेतला’. ‘कोणी विकला’, तिनं विचारलं. दुपारी आलं: ‘माहीत नाही. माफ करा’.

तिनं मोबाईलची यादी उघडली. त्यात आता एकटा तिचाच होता. दुसऱ्याचं खातं वापरतोय हे कळल्यावर तो भला माणूस बाहेर पडला होता. भला होता, हेच वाईट. शिवी घालायलाही तिला कुणी उरलं नाही. ते रविवार गोरखचे नव्हते, तो ताप गोरखचा नव्हता. इतके महिने ती सुरतेतल्या कुणा अनोळखी बाप्याची काळजी करत होती, त्याच्यासाठी उपाशी राहिली होती. तिला ओरडून रडायचं होतं, पण बाहेर मेंढरांचा आवाज आला आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

धुळाजीनं हातपाय धुतले. आज आकडा विचारला नाही. दाराशी येऊन बसला.

“छकुली सांगू राह्यली व्हती, नाव बदलून निरोप धाडता येतो म्हणून.”

“हां.”

“मंग लिही. बा चुकला म्हणावं. घरी ये म्हणावं.”

या माणसानं जन्मात कुणापुढं चूक कबूल केली नव्हती. सखूबाईनं मोबाईल घेतला. ‘माहीत नाही. माफ करा’, सुरतच्या माणसाचे शब्द तिनं एकेक अक्षर करून पुसले आणि त्या जागी लिहिलं: ‘बा चुकला. घरी ये’.

“पोचलं का?”

“पोचलं.”

“कितवा भाग?”

“चौसष्ट.”

“कालबी चौसष्टच व्हता.”

“दमला आसंल कामानं,” ती म्हणाली.

धुळाजीला अक्षर येत नव्हतं. आकडे मात्र मेंढरं मोजून मोजून पक्के होते. “आण हिकडं,” तो म्हणाला. “आता वाचंल त्यो. मंग लावंलच की फुडचा.” आणि मोबाईल गुडघ्यावर धरून तो चौसष्टाचे पासष्ट व्हायची वाट बघत बसला.