वैष्णवीच्या पोटातला गोळा

गोळा बोटांना लागला तेव्हा साळुबाईंना हायसेच वाटले. आणे पठारावरच्या गावांत चाळीस वर्षे त्या लोकांची पोटे चोळत आल्या होत्या; सरकलेली बेंबी जागेवर आणावी ती त्यांनीच. अकरा वर्षांच्या नातीच्या, वैष्णवीच्या, उजव्या ओटीपोटात लिंबाएवढी घट्ट गाठ लागली आणि दुखण्याचे मूळच हाती आले असे त्यांना वाटले.

रुग्णालयातल्या सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी बजावले होते, “अपेंडिक्समध्ये पू झालाय. पण हिच्या शरीरानंच आजूबाजूची आतडी आणि चरबीचा पडदा चिकटवून त्याभोवती कुंपण घातलंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना तिथंच अडवून मारताहेत. आपली इंजेक्शनं त्यांच्या मदतीला. पोट कुणी दाबू नका.”

ती मनाई आपल्या हातांना असेल, हे साळुबाईंच्या मनातही आले नाही. दुपारी सून वृषाली औषधे आणायला गेली, तशी त्यांनी खोबरेलाची बाटली काढली.

“माजा पाय बी बसवा की, साळुबाई,” शेजारच्या खाटेवरून प्लास्टरातला गेणभाऊ म्हणाला. “डॉक्टरला सहा आठवडं पायजेत!”

“तुजं तोंड बसवते आदी.”

वैष्णवी कळवळली. साळुबाई चोळत राहिल्या. अखेर गोळा बोटांखाली विरला.

“आजी, हलकं वाटतंय गं,” ती म्हणाली.

चार वाजता तिला हुडहुडी भरली. नाडी धावू लागली, पोट ताणले गेले.

“सकाळी दुखणं एका जागी होतं,” डॉक्टर म्हणाले. “पडली का ही? कुणी पोट दाबलं?”

“न्हाई वो, कुनी हातबी लावला न्हाई,” वृषाली म्हणाली. गेणभाऊ छताकडे पाहू लागला.

“कुंपण शाबूत असेल, तर चिकटलेल्या आतड्यांत सुरी घालणं धोक्याचं. औषध बदलून सकाळपर्यंत थांबू. फुटलं असेल, तर मात्र आत्ताच उघडावं लागेल.”

साळुबाईंनी नातीच्या कोरड्या ओठांकडे पाहिले. सकाळपर्यंत. गप्प राहिले तर कुणालाच काही कळणार नव्हते.

“म्या चोळलं,” त्या म्हणाल्या.

“किती?”

“गोळा मोडंस्तवर.”

डॉक्टरांनी नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितले. जाताना ते थांबले. “सांगितलंत ते बरं केलंत, आजी. पण वाचेलच असं आत्ता म्हणवत नाही.”

वृषाली ओरडली नाही. “चार दिस तिच्या अंगानं एकट्यानं धरून ठेवलं व्हतं, आत्या,” एवढेच ती सासूला म्हणाली.

स्ट्रेचर हलले. साळुबाईंनी सलाइनची बाटली धरायला हात पुढे केला. वृषालीने ती आपल्याकडे घेतली.

“तुमी नगा येऊ.”

त्या गेल्या नाहीत. ऑपरेशनच्या खोलीचे दार जिथून दिसत नव्हते, त्या जिन्याच्या पायरीवर त्या जाऊन बसल्या. आत काय चालले आहे हे विचारण्याचा हक्कही आपल्याला उरला आहे का, हे त्यांना कळेना.